दोन हाका

"हजार फूट," ती म्हणाली.

कॅप्टनांनी उत्तर दिलं नाही.

ऊन स्वच्छ होतं, धावपट्टी समोर दिसत होती. विमान कॅप्टन उतरवत होते. सहवैमानिक म्हणून तिचं काम काट्यांवर नजर ठेवणं आणि उंची, वेग मोठ्यानं सांगणं. त्यावर त्यांचा एक हुंकार तरी यायला हवा होता.

तिच्या आईला हे काम कधी पटलं नव्हतं. "विमान ते चालवणार, मग तू काय करतेस?"

"बघते आणि बोलते."

"ते तर मी या घरात फुकट करते."

पण बघायची तिला लहानपणापासून खोडच होती. बंद पडलेलं घड्याळ उघडल्याशिवाय तिला चैन पडत नसे, आणि माणसांचंही तेच. तिच्या शंकांना न कंटाळणारे असे हे एकटेच कॅप्टन. आज सकाळी मात्र बिनसाखरेच्या चहात चमचा घालून ते बराच वेळ ढवळत राहिले होते. तिला गंमत वाटली. विचारायचं राहून गेलं.

"सर, हजार फूट. वेग वाढतोय."

ते समोरच बघत होते. चेहऱ्यावर भीती नाही, त्रास नाही. कुणाचं तरी बोलणं मन लावून ऐकावं तसे. क्षणभर तिला वाटलं, आपली परीक्षा घेताहेत. पण त्यांनीच तिला शिकवलं होतं: दोन हाकांना ओ आली नाही, तर शेजारी कोण बसलंय याचा विचार करायचा नाही.

"विमान माझ्याकडे," म्हणत तिनं इंजिनांचा जोर वाढवला आणि नाक वर उचललं. धावपट्टी पोटाखालून निघून गेली. तिनं चाकं आत घेतली, नियंत्रण कक्षाला कळवलं, मग ज्येष्ठ हवाईसुंदरीला आत बोलावलं. हवाईसुंदरीनं काही न विचारता कॅप्टनांची खुर्ची मागे ओढली आणि त्यांचे सैल हात मांडीवर ठेवले.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "उतरलो का आपण?"

"नाही सर. आता उतरू."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग तिच्या हातांकडे. विमान टेकेपर्यंत ते कशालाही शिवले नाहीत.

प्रवाशांना काही कळलं नव्हतं. वरून शहर दाखवल्याबद्दल एका आजोबांनी आभारही मानले.

ऑफिसात मोठे साहेब तिला म्हणाले, "जागरण झालं असेल. कशाला राईचा पर्वत करतेस? निवृत्तीला आलेला माणूस."

तिनं मान वळवली. कॅप्टन शेजारीच बसले होते.

"तिला सांगू द्या," ते म्हणाले. "मला विचाराल तर मी जागरणच सांगेन."

मग तिनं सगळं सांगितलं. चहाचंसुद्धा.

तपासण्या झाल्या. मेंदूत मधूनच काहीतरी बिघडतं, म्हणे. माणूस जागा दिसतो, पण तेवढा वेळ नसतो. उडणं कायमचं बंद झालं. निकाल लागला त्या दिवशी त्यांनीच तिला फोन केला. "मोकळी आहेस का? घरी सोड मला. गाडी चालवायचीही मनाई झालीय."

ती दवाखान्यात गेली. गाडीत ते तिच्या डावीकडे बसले. विमानातही ते डावीकडेच बसत आणि ती उजवीकडे. फक्त इथे स्टिअरिंग एकच होतं.

बराच रस्ता गेल्यावर त्यांनी विचारलं, "त्या वेळी मी कसा दिसत होतो गं?" आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "मला आठवतच नाही. डॉक्टरांनाही सांगता येईना. बघणारी तू एकटीच."

"नेहमीसारखेच दिसत होतात. समोर बघत होतात."

"घाबरलेला?"

"अजिबात नाही, सर."

"आश्चर्य आहे," ते म्हणाले, आणि बाहेर बघत राहिले.

पुढे चौक आला. डावीकडचा रस्ता तिला त्यांच्याआडून दिसेना. ती वाकणार, तेवढ्यात त्यांनी मान वळवून दूरवर नीट पाहिलं.

"डावीकडे मोकळं आहे," ते म्हणाले.

तिनं स्वतः न बघता गाडी पुढे घेतली.