उणे अठरा अंशांतले उष्मानंद

महाळुंग्याच्या कोल्ड स्टोरेजमागच्या मोकळ्या प्लॉटवर सकाळी सातलाच माणूस मावत नव्हता. कानटोपी, मफलर आणि वरून रजई अशा थाटात जो तो आलेला. भिंतीलगत मधोमध पाटावर उष्मानंद महाराज उघडेबंब बसलेले. त्यांनी गार पाण्याची बादली अंगावर ओतून घेतली आणि पाच मिनिटांत अंग कोरडं ठणठणीत! वर कपाळावर घाम! पुढच्या रांगेतल्यांना तर महाराजांकडून येणारी ऊब गालांना लागत होती.

"बाहेर उणे अठरा, माझ्या आत अधिक अठराशे!" महाराज गरजले. "ऐका, भिंतीतून ब्रह्मनाद घुमतोय!"

भिंतीतून घरघर येत होती, हे मात्र खरं.

उणे अठराचा शोध तीन दिवसांपूर्वी 'खळबळ चोवीस तास' या वाहिनीच्या बंटीने लावला होता. कोल्ड स्टोरेजच्या दर्शनी भिंतीवर लाल आकड्यांचा बोर्ड आहे. त्याच्यापुढे उभा राहून तो ओरडला, "महाळुंगे गोठलं! काश्मीर मागे पडलं!" झालं. शाळांना सुट्टी मिळाली. रहाटणीतल्या एका सोसायटीने पाण्याच्या टाकीला गोधड्या गुंडाळल्या, आणि एका हौशी गृहस्थाने बर्फात गाडी घसरू नये म्हणून चाकांना सायकलच्या साखळ्या बांधल्या. टाकीत पाणी होतं, नळाला पाणी होतं, पण नळाकडे बघायला सवड कुणाला? आणि त्याच दुपारी उष्मानंद महाराज प्लॉटवर अवतरले.

यास्मिन त्याच स्टोरेजमध्ये मशीन ऑपरेटर होती. आयटीआय करून लागलेली. तिने घरी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "अब्बा, तो आकडा आतल्या मटारांचा हाय. बाहेर नऊ अंश हायेत."

"मग टीव्हीवाले येडे हायेत व्हय?" मीरासाहेब म्हणाले.

"उणे अठरात नळाच्या पाण्याचा दगड झाला असता."

"ती महाराजांची कृपा. मी सोता म्होरं बसून शेकलोय, पोरी. धग लागती धग!"

यास्मिनने ते हसून सोडून दिलं असतं, पण महाराजांनी आजच्या रात्रीला 'महाशीत' जाहीर केलं होतं. दारं-खिडक्या लावा, फटी बुजवा, आत कोळशाची शेगडी पेटवून तिच्यात उष्माधूप टाका आणि सकाळपर्यंत बाहेर पडू नका! मीरासाहेबांनी कोळशाचं पोतं आणून ठेवलं होतं. सून सुरय्या वीस दिवसांची बाळंतीण. तिच्या खोलीच्या फटींत त्यांनी स्वतःच्या हाताने चिंध्या कोंबल्या होत्या. तिची तान्ही लेक आलिया त्याच खोलीत झोपायची. बंद खोलीत कोळसा पेटला की त्याच्या वायूने झोपलेलं माणूस उठत नाही, हे यास्मिनला ठाऊक होतं. एक पोतं लपवलं तर अब्बा दुसरं आणतील. आणि बाकीच्या घरांचं काय?

विचार करता करता तिला एक गोष्ट आठवली. महाराज रोज बरोबर आठच्या ठोक्याला 'एकांत' म्हणून तंबूत जायचे आणि साडेआठला परतायचे. स्टोरेजमध्ये आठ ते साडेआठ डीफ्रॉस्ट असतो. आतल्या पाइपांवर साचलेला बर्फ वितळवायला तेवढा वेळ मशीन बंद ठेवावी लागते. महाराजांना हे वेळापत्रक पाठ होतं, म्हणजे पूर्वाश्रमी कुठल्या तरी स्टोरेजात हमाली झालेली असणार!

म्हणून आज सकाळी तिने सुपरवायझरला विचारून डीफ्रॉस्ट अर्धा तास आधी घेतला. मटारांची काही तक्रार नव्हती.

साडेसात. बंटीचा कॅमेरा सुरू. महाराजांनी दुसरी बादली नुकतीच डोक्यावर ओतलेली. आणि ब्रह्मनाद बंद पडला.

महाराजांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. अंगावर सरसरून काटा आला.

"श... श... शांती!" दात वाजू लागले. "शाल द्या रे कुणी तरी!"

कुणी हलेना. तेव्हा महाराज शेजारच्या रुक्मिणीबाईंच्या रजईत शिरू लागले. बाईंनी रजई घट्ट धरली. "अवो म्हाराज, तुमचं अठराशे कुठं गेलं?"

यास्मिन महाराजांच्या पाठीमागच्या भिंतीतल्या जाळीपाशी येऊन उभी राहिली. "अब्बा, इथं हात लावा. लागती का धग?"

पुढच्या रांगेतून उठून मीरासाहेबांनी हात लावला. जाळी गार होती.

"घरच्या फ्रिजच्या मागं हात लावून बघा, गरम लागतंय," ती म्हणाली. "मशीन आतली उष्णता काढून बाहेर फेकती. आपला फ्रिज एवढासा, हे अख्खं गोदाम. ह्या जाळीतनं दिवसभर गरम वारा येतोय. इथं शेळी बांधली तरी तेजस्वी होईल!"

मग सगळे पुढच्या भिंतीकडे गेले. बोर्डावरच्या आकड्यांखाली स्थानिक भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लटकत होता. यास्मिनने त्याचा कोपरा उचलला. खाली ठळक अक्षरं होती : चेंबर क्रमांक एक, आतील तापमान. तिने खिशातला थर्मामीटर मोकळ्या हवेत धरला. नऊ अंश.

बंटी क्षणभर गडबडला, पण क्षणभरच. "ब्रेकिंग! महाळुंग्यात पारा एका झटक्यात सत्तावीस अंशांनी चढला! उष्णतेची लाट?"

तोवर महाराज पाट तिथेच टाकून रिक्षात बसले होते.

घरी येऊन मीरासाहेबांनी फटींतल्या चिंध्या एकेक करून ओढून काढल्या, कोळशाचं पोतं अंगणात नेलं आणि खिडकी उघडली. ऊन थेट आलियाच्या पायांवर पडलं. सुरय्याने तिची तिसरी दुलई बाजूला केली. मीरासाहेबांनी नातीशेजारी बसून तिच्या पायांवरून हात फिरवला.

मग ते उठले आणि गल्लीतलं पहिलं दार त्यांनी वाजवलं.

"शेगडी पेटवू नका," ते म्हणाले. "थंडी हाय, स्वेटर घाला, उन्हात बसा. टीव्हीचं ऐकायच्या आधी मी आपल्याच दारात उभं राहून बघायला पायजे हुतं. न्हाई बघितलं. आज रातीला मी माझ्या हातानं माझी नात मारली असती."

आणि ते पुढच्या दाराकडे वळले.