न पोचवलेला कुकारा

माघाची पहाट. खाडीवर धुक्याचे धवल, तरल, तलम वस्त्र. कांदळवनाच्या काळ्या मुळांशी पाणी हलकेच श्वास घेते आहे, आणि पूर्वेच्या डोंगरकडेवर उमटलेली केशराची एक रेघ हळूहळू, हळूहळू पसरते आहे. त्या केशरातून, त्या धवलातून हसनचाचाची तर, ती इंजिनाची होडी, रोज सकाळी पलीकडच्या तीराला जाते.

शालन त्या तरीने पलीकडच्या बालवाडीत शिकवायला जाई. त्याच तरीने एक हसतमुख, पिकल्या केसांचा गृहस्थही जाई. तिने त्याला नाव विचारले नव्हते, त्याने तिला सांगितले नव्हते. तरीवरच्या सोबतीला नाव लागते कुठे? तिच्यासाठी तो मागची फळी पुसून ठेवी. चढताना तिची पिशवी धरी. मग खिशातून मीठ लावलेला आवळा काढी. "घ्या बाई. वर घोटभर पाणी प्या, दिवस गोड जाईल." धुक्यातून त्याची छत्री येताना दिसली नाही, तर शालनला चुकल्याचुकल्यासारखे होई.

एका सोनसळी सकाळी तो म्हणाला, "बाई, शुक्रवारी लेकीचा साखरपुडा आहे. पलीकडे, माझ्या बहिणीकडे. आई नाही पोरीला, तुम्ही यायचंच हं. वासुदेव मराठ्यांची लेक म्हणा, कुणीही घर दाखवील."

वासुदेव मराठे! जिभेवरचा आवळा तुरट झाला, कडू झाला, विष झाला.

या नावावर तिने लहानपणापासून डूख धरला होता. तिच्या थोरल्या बहिणीची, मथुराक्काची सुपारी याच नावाशी फुटली होती. दारी मांडव होता, अंगाला हळद होती, आणि मुहूर्ताला नवरा मुलगा आलाच नाही. ना निरोप, ना कारण. पोरीतच काही खोट असणार, असे गाव म्हणाले. गावाला काय, जिभेला हाड नसते. हळदीच्या अंगाने मथुराक्का माजघरात गेली, ती पुन्हा माणसांत आलीच नाही. आणि हा इकडे आवळे वाटत हसत होता! शालनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"येईन की, दादा," ती गोड हसून म्हणाली.

सूड! किती शीतल शब्द, किती सुंदर. तो तिने उशाशी घेतला, तो तिने वेणीत माळला. चुलीच्या जाळात तिला तोच दिसला, तुळशीच्या दिव्यात तोच दिसला. मथुराक्काच्या मिटलेल्या ओठांकडे पाहत ती मनाशी म्हणे, थांब आक्का, थांब थोडी.

शुक्रवार उजाडला. ओहोटी लागली होती, पाणी पाय मागे घेत होते. ही तर गेली की दुपारच्या भरतीपर्यंत दुसरी नाही, आणि साखरपुड्याचा मुहूर्त तर सकाळचाच. हसनचाचाने इंजिन सुरू केले, तर धक्क्यापासून सुटली, आणि तेवढ्यात माडांमागून कुकारा आला.

"होऽऽऽ! थांबाऽऽ!"

रुपेरी धुक्यात एक छत्री हलत होती, धावत होती.

इंजिनाशी जन्म काढून हसनचाचाचे कान गेले होते. म्हणून त्या तरीचा एक नेम होता: मागच्या फळीवर बसणाऱ्याने कुकारा ऐकावा आणि चाचाच्या पाठीवर थाप द्यावी. थाप पडली की तर वळे, वैऱ्यासाठीही वळे. तो नेम आजवर कुणी मोडला नव्हता.

मागच्या फळीवर शालन होती. कोळणी पुढे बसल्या होत्या, वारा समोरून होता. कुकारा तिने एकटीने ऐकला. पुन्हा ऐकला. चाचाची पाठ तिच्या हाताशी होती, आणि हात तिने पदरात गुंडाळून घेतला.

पाणी रुंदावत गेले. छत्री लहान झाली, ठिपका झाली, धुके झाली. शालनच्या उरात आनंदाचा असा लोंढा आला की तिला मोठ्याने हसावेसे वाटले. ये आता मुहूर्ताला! ये!

पलीकडच्या धक्क्यावर मोतिया रंगाच्या शालूतली एक मुलगी उभी होती. केसांत ताजी शेवंती, डोळ्यांत काळजी. एकेक माणूस उतरले, तसा तिचा चेहरा उतरत गेला.

"तुम्ही बालवाडीच्या बाई ना? बाबा रोज तुमच्याबद्दल सांगतात. ते नाही आले?"

"नाही दिसले, बाळ."

"मुलाकडचे खोळंबलेत हो. मामंजी म्हणताहेत, वडीलच नाहीत तर आम्ही निघतो." तिने धुक्यात डोळे ताणून पाहिले. "बाबा असे चुकणार नाहीत. त्यांनी कुकारा दिला असेल. तुम्हाला ऐकू नाही आला?"

"नाही," शालन म्हणाली.

हसनचाचाने इंजिन बंद केले.

खाडीवर नितळ, निश्चल शांतता उतरली. आणि त्या शांततेतून, ओसरत्या पाण्यावरून, उघड्या पडत चाललेल्या चिखलावरून तो आवाज आला. बारीक, थकलेला, अखंड. "होऽऽऽ... होऽऽऽ..." कोळणींनी माना वळवल्या. मुलीने बापाचा आवाज ओळखला, आणि तिने शालनकडे पाहिले.

शालनने मान खाली घातली नाही. घालता आली नाही. समोर हळदीच्या वयाच्या दोन डोळ्यांत मथुराक्काच्या माजघरातला काळोख भरत होता, आणि पाणी जात होते, जात होते, जात होते.