अंगठ्याखालचे सतरा टक्के

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. मला फार वेळ बोलता येणार नाही. सतराच टक्के उरलेत.

सहा वर्षांपूर्वी भाईंदर स्टेशनजवळच्या दुकानात मी काचेमागे उभा होतो. पायल तेव्हा बारावीत होती. तिचे पप्पा खंडू मला घेऊन आले, तेव्हा मुर्धा गावातल्या आमच्या चाळीतली सगळी पोरं मला बघायला जमली. "क्यामेरा काय भारी हाय!" ते माझे कौतुकाचे दिवस. पुढे पायल कोडिंग शिकली तीही माझ्यावरच, एवढ्याशा पडद्यावर.

मग माझी काच तडकली. कानाशी लावायचा स्पीकर गेला, म्हणून आता माझं बोलणं घरभर ऐकू जातं. चार्जिंगची जागा सैल झाली. पिन दाबून धरली तरच वीज मिळते. बॅटरीही थकलेली; पिन सोडली, की मी गेलो. दुरुस्ती पुढच्या महिन्यावर जात राहिली.

सोळा.

परवा सकाळी अकराला पायलचा फोनवर इंटरव्ह्यू होता. सॉफ्टवेअरची नोकरी. आधी चार ठिकाणांहून नकार आलेला. पप्पांच्या बटणांच्या फोनचा माइक मेलेला. म्हणजे सगळी भिस्त माझ्यावर.

खंडू नव्या टॉवरमध्ये रंगाआधी भिंतींना लांबी, म्हणजे पुट्टी, लावतात आणि घासतात. त्या दिवशी खाडा करून ते माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि अंगठ्याने पिन दाबली.

"पप्पा, हात हलवायचा नाही हं."

"दिवसभर भिंती घासतोय मी. अर्धा तास अंगठा नाय धरवणार?"

"अंगठ्याचं काय नाय, नाकाचं बघा," ओट्यापाशी उभी असलेली पायलची आई, वैजयंता, म्हणाली. "लांबीची धूळ भरलीय. काल सात शिंका दिल्या."

"आठ," खंडू म्हणाले.

मी वाजलो. पायलने हिरवं बटण दाबलं.

पंधरा.

पलीकडे यतीन सर होते. ते इंग्रजीत विचारत होते, मी मराठीत सांगतो. पहिले दोन प्रश्न पायलला आले. तिसऱ्याला ती अडली. "सॉरी सर, माहीत नाही." खंडूंना तेवढं 'सॉरी' कळलं. अंगठा पिनेवरून जरासा सरकला. माझ्या आत वीज आली, गेली, आली.

चौदा.

"मोठी फाईल पाठवताना नेटवर्क मध्येच तुटलं, तर तुझा प्रोग्राम काय करेल?"

पाठ केलेलं उत्तर उडालं होतं. मग ती सावकाश बोलू लागली. "फाईलचे तुकडे करीन. कुठला तुकडा पोचला ते लिहून ठेवीन. आणि तुटलं तर..."

खंडूंचं नाक फुललं. त्यांनी ओठ आवळले. डोळ्यांत पाणी आलं. मित्रांनो, माझे आकडे खोटे असतात. चौदा दाखवतो, पण आत काही न

.

.

मधलं मला माहीत नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा पिनेवर दोन अंगठे होते, खंडूंचा आणि वैजयंताचा. "माझ्यापायी गेलं पोरीचं," खंडू पुटपुटत होते.

मी पुन्हा वाजलो.

"पायल? लाईन कट झाली."

"हो सर. पोचलेले तुकडे लिहून ठेवीन, इथपर्यंत तुम्हाला ऐकू आलं होतं का?"

"आलं होतं."

"मग तिथून पुढे सांगते. प्रोग्राम पहिल्यापासून पाठवणार नाही. आधी विचारेल, कुठपर्यंत पोचलंय. मग उरलेलंच पाठवेल."

पलीकडे शांतता. मी घाबरलो, पुन्हा गेलो की काय. मग यतीन सर हसले. "आत्ता तू केलंस, तसंच ना?"

नऊ.

तिसऱ्या दिवशी मेसेज आला. तो सगळ्यांत आधी मला कळला. दुसरी फेरी सोमवारी. नोकरी अजून लांब आहे, पायल अजून नखं खातेय.

मित्रांनो, तुमच्या घरच्या फोनची पिन सैल असेल तर आजच दुरुस्त करून घ्या. मला दुखत नाही. अंगठ्याला दुखतं.

"आधी त्याला दुकानात न्या," वैजयंता म्हणाली.

"नेतो की," खंडू अंगठा चोळत म्हणाले. "तरी सोमवारी मी बसतो. किती वाजता हाय?"