‘फळे जांभळासारखी गोड लागतात’

मित्रांनो, मी एक जुना लेख आहे. जुना म्हणजे पिवळा पडलेला, वाळवी लागलेला असा नव्हे. मला कागदच नाही. इंटरनेटवरच्या एका मराठी ज्ञानकोशात माझा मुक्काम असतो, आणि तुम्ही ‘नरक्या’ हे झाडाचं नाव शोधलंत की मी तुमच्या पडद्यावर येऊन उभा राहतो.

नरक्या हे आता दुर्मिळ झालेलं झाड. फुलांना वास असा नरकासारखा घाण की नाव तेच पडलं. कॅन्सरवरच्या औषधाला लागणारं द्रव्य त्याच्यात सापडलं, आणि मग लोकांनी ते रानारानांतून चोरून तोडलं.

मी जन्मलो गुहागरला, श्रीपतीकाकांच्या घरी. काका नारळी-पोफळीचे बागायतदार. दुपारी बागेतली कामं आटोपली की ते कॉम्प्युटरपुढे बसत आणि एका बोटाने टकटक करत मला लिहीत. त्यांना याचा पगार नव्हता. असे हौसेने राबणारे संपादक आमच्याकडे बरेच आहेत. कोणीही यावं, लिहावं, दुसऱ्याचं चुकलं असेल तर पुसावं, अशी आमची रीत. नियम एकच: जे लिहाल ते कुठून कळलं, तेही सांगा. त्याला संदर्भ म्हणतात.

काकांनी मला मुलासारखं वाढवलं. पानं, फुलं, आढळ, उपयोग, सगळं संदर्भासकट लिहिलं. पुढे एक अनोळखी वाटसरू आला, एक वाक्य लिहून गेला, आणि पुन्हा कधी फिरकला नाही. ‘फळे पिकल्यावर जांभळासारखी गोड लागतात व मुले ती आवडीने खातात.’

काकांनी लगेच त्या वाक्याला चिठ्ठी डकवली: ‘संदर्भ हवा’. मला त्या चिठ्ठीची फार लाज वाटे. नव्या शर्टाला ठिगळ लावल्यासारखं दिसायचं ते. पण वर्षभराने काकांना हवं ते सापडलं. रत्नागिरीच्या एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत भिकाजी नावाच्या लेखकाने रानमेव्यावर लिहिलं होतं, आणि त्यात नरक्याची फळं जांभळासारखी गोड असल्याचं स्वच्छ छापलं होतं. काकांनी आनंदाने चिठ्ठी काढली, पुरवणीचा संदर्भ जोडला. बाकीच्या संपादकांनी त्यांची पाठ थोपटली. मीही छाती पुढे काढून मिरवू लागलो.

मग उमा आली. ती रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्याला राहते. नवरा तिथल्याच एका कारखान्यात कामाला, मोठी मुलगी सानिका पहिलीत, धाकटा अजून मांडीवर. धाकटा झोपला की ती माझी शुद्धलेखनाची चूक सुधारून जाई. एक दिवस मात्र ती शाळेकडून आलेली सूचना वाचून धावत आली. सानिकाच्या शाळेची सहल देवराईत जाणार होती. तिथे नरक्याचं झाड आहे, आणि मुलांना ‘जांभळासारखी फळं’ चाखायला मिळतील, असं बाईंनी कळवलं होतं. सोबत माझीच छापील प्रत.

उमाने बाईंना फोन केला. बाई हसल्या. “अहो सानिकाची आई, ज्ञानकोशात आहे, पेपरातही आलंय. आणखी कोणाकडून लिहून आणू?”

उमाने ते वाक्य पुसलं. श्रीपतीकाकांनी ते परत आणलं. तिने पुन्हा पुसलं, त्यांनी पुन्हा आणलं. मित्रांनो, एकच वाक्य अंगातून काढायचं, घालायचं, काढायचं. माझी काय अवस्था झाली असेल! शेवटी दोघं माझ्या चर्चापानावर आली. हे पान म्हणजे आमच्याकडची भांडायची ओटी.

“उमाताई,” काकांनी लिहिलं, “छापील संदर्भ असलेलं वाक्य असं वगळता येत नाही. ‘मला भीती वाटते’ हा संदर्भ होत नाही.”

“काका, तुम्ही स्वतः खाल्लंयत का ते फळ?”

“मी खाल्लं की नाही याला ज्ञानकोशात किंमत शून्य. छापलंय कुठे ते विचारा.”

“औषधाला लागणारं झाड आहे. त्याचं फळ पोरांच्या तोंडात घालायचं, तर कोणीतरी तपासलेलं नको?”

“आयांनी ज्ञानकोश लिहायला घेतला, तर उद्या कोय घशात अडकते म्हणून हापूससुद्धा विषारी ठरेल!”

“हापूसला माझी हरकत नाही. पेटी पाठवा, तपासून कळवते.”

काकांनी हसऱ्या तोंडाचं चित्र टाकलं, पण वाक्य काही सोडलं नाही. सहल दुसऱ्या दिवसावर आलेली.

तेव्हा उमाने पुरवणीच्या कचेरीतून भिकाजींचा नंबर मिळवला. धाकटा कडेवर, म्हणून फोन टेबलावर ठेवून तिने स्पीकर लावला. मी समोर पडद्यावर उघडाच होतो. सगळं ऐकलं.

“नमस्कार भिकाजीकाका. नरक्याचं फळ गोड असतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“नरक्या? थांब हां... हां, तो लेख! अगो बाय, ते झाड मी बघितलंच नाय कधी.”

“मग?”

“इंटरनेटवर तो ज्ञानकोश हाय ना, त्यातनं उतरवलं. चांगलं लिवलेलं होतं. तिथं ‘संदर्भ हवा’ असं कायतरी बारीक होतं, ते मी गाळलं. पेपरात कसं दिसलं असतं?”

उमा खुर्चीत बसली. तिने भिकाजींचं बोलणं जसंच्या तसं चर्चापानावर लिहिलं. खाली टोमणा मारला नाही.

काकांचं उत्तर आलं ते एवढंच: “म्हणजे भिकाजीने आपलं वाचलं, आणि आपण भिकाजीचं. झाडाला कोणीच विचारलं नाही.” मग त्यांनी स्वतःच्या हाताने ते वाक्य काढलं आणि तिथे लिहिलं, ‘फळे खाण्यायोग्य असल्याचा विश्वसनीय पुरावा उपलब्ध नाही.’ आणि उमाला: “शाळेचा नंबर द्या. बाईंशी मी बोलतो. तुमचं ऐकलं नाही, तर निदान ज्यानं हा लेख लिहिला त्याचं ऐकतील.”

बाईंनी ऐकलं. आधी वाटलेल्या प्रती परत घेतल्या. मुलं देवराईत गेली, झाडाभोवती उभी राहिली, पडलेली फळं पाहिली, चित्रं काढली, आणि डब्यातल्या पोळ्या खाऊन घरी आली.

आता मी पूर्वीपेक्षा आखूड दिसतो. उमा अजूनही येते, काकांशी वाद घालते. काका तिला ‘तपासनीस बाई’ म्हणतात.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना जपा. जपा म्हणजे आमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा असं नाही. एखादं वाक्य वाचलंत तर विचारा, हे कोणी सांगितलं, आणि त्याला कोणी सांगितलं. ‘संदर्भ हवा’ ही चिठ्ठी दिसली तर हसू नका, आणि उतरवून घेताना ती गाळू तर मुळीच नका. माझ्यात झाडाची उंची लिहिलेली आहे, पानांचा आकार लिहिलेला आहे. पण त्या दिवशी देवराईत काही झालं नाही, हे माझ्यात कुठेही लिहिलेलं नाही. त्याला संदर्भ म्हणून दाखवायला फक्त घरी आलेली मुलं आहेत.