न विकलेली पेन्शन

सगळं सांगते, पण देशाचं नाव नाय सांगणार. सांगितलं तर आमच्या सिडकोतली निम्मी रिटायर मंडळी उद्या बॅगा भरून तिथं हजर होतील, आणि मला गर्दी आवडत नाय. समुद्राकाठचा लहानसा देश आहे, एवढं पुरे.

तिथं आमची मोनाली असते. ती, जावई आणि चार वर्षांची नात ओवी. आम्ही दोनदा जाऊन आलो, पण दोन महिने झाले की लगेच बोऱ्याबिस्तरा गुंडाळा आणि निघा. मागच्या खेपेला विमानतळावर ओवीनं माझा पदर धरला. म्हणाली, "आजी, तू पाहुणी आहेस का? पाहुणेच परत जातात ना?" विमानात मी तोंडाला पदर लावून लई रडले. घरी आल्या आल्या ह्यांना सांगून टाकलं, "आता पाहुणी म्हणून जायचं नाय. जायचं तर राहायला."

साठी ओलांडलेल्यांना तिथं कायम राहता येईल असा व्हिसा मिळतो, हे जावयानं सांगितलं होतं. ह्यांनी मिशीवरून हात फिरवला. "मी आहे ना!"

आता हे कोण, ते सांगते. लक्ष्मणराव वाकळे, वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूमचे मॅनेजर होते. पगार मोठा, आवाज त्याहून मोठा. आणि मी भानुमती, जिल्हा परिषदेची मास्तरीण. एकतीस वर्षं खुलताबादच्या पलीकडच्या शाळांना अपडाऊन केलं. काळी-पिवळी जीपमध्ये चौदा माणसांत पंधरावी होऊन घाट चढले. शेवटी केंद्रप्रमुख झाले, दहा-बारा शाळा माझ्या हाताखाली होत्या. पण घरी पाहुणे आले की हे म्हणायचे, "भानूचं काय, हौसेची नोकरी!" पाहुणे हसायचे. आणि घाटातून घामेजून आलेली मी त्या हसणाऱ्यांसाठी चहा टाकायची.

तर निराला बाजारात ऋतुराज म्हणून एकाचं व्हिसाची कामं करायचं ऑफिस आहे, तिथं गेलो. ह्यांनी टेबलावर फाइल आपटली. बँकेतल्या ठेवी, प्लॉटचे कागद, सगळं त्यात. म्हणाले, "बोला, किती लाख दाखवायचे?"

ऋतुराजनं फाइल चाळली आणि हळूच मिटली. "काका, ठेव नाय चालत. नवरा-बायकोचं मिळून दरमहा पासष्ट हजार पाहिजेत, आणि ते जन्मभर येत राहतील असे. म्हणजे पेन्शन. तेसुद्धा महिनाअखेरीच्या आत अर्ज गेला तर. पुढच्या महिन्यापासून त्यांची अट ऐंशी हजारांची होतेय."

"प्लॉट विकतो की मग!"

"प्लॉट विकून पैसा येईल काका, पेन्शन नाय येणार. तुम्हाला किती आहे पेन्शन?"

हे खोकले. खिशातला रुमाल काढला, परत ठेवला. "येते थोडीफार. ती सोडा."

इतका मोठा आवाज एवढासा झालेला मी पहिल्यांदा ऐकला. मग मी पर्समधून माझं पेन्शनचं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. आपटलं नाय, ठेवलं. ऋतुराजनं पान उघडलं आणि बघतच राहिला. "काकू, तुम्ही विकलीच नाय?"

रिटायर होताना सरकार विचारतं, पेन्शनचा चाळीस टक्के भाग आत्ता एकदम रोख घेता का? घेतला की मग पंधरा वर्षं महिन्याला तेवढी पेन्शन कमी. ह्याला आम्ही पेन्शन विकणं म्हणतो, आणि जवळपास सगळेच विकतात. मला सतरा लाख मिळणार होते. ह्यांनी तेवढ्यात गाडीसुद्धा पसंत करून ठेवली होती, पांढरी, उंच. मी नाय म्हटलं. आठ दिवस अबोला. नवव्या दिवशी म्हणाले, "मास्तरकी करण्यात जन्म गेला, व्यवहार कुठून कळणार तुला!" मी म्हटलं, "गाडी दहा वर्षांत भंगारात जाईल. मी नाय जाणार." पुस्तकाला हात लावू दिला नाय.

ऋतुराजनं कॅल्क्युलेटर ओढला. मूळ पेन्शन बेचाळीस हजार, त्यावर महागाई भत्ता. चौसष्ट हजार दोनशे साठ.

"काकू," तो म्हणाला, "सातशे चाळीस रुपये कमी पडतात."

घ्या! नेमकं इथंच घोडं पेंड खायला लागलं. मी विचारलं, थोडी सवलत? तर म्हणे, एका रुपयाचीही नाय. महागाई भत्ता वाढेल की! वाढेल, पण सरकारचा जीआर कधी निघेल ते कुणाला ठाऊक. महिनाअखेर अकरा दिवसांवर होती.

घरी आल्यावर माझा तोल गेला. "सातशे चाळीस! अहो, एवढ्याला आता धड चप्पल येत नाय. तेवढ्यासाठी मी माझ्या नातीच्या दारात पाहुणी व्हायचं?" आणि मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आदळायला लागले. दुसरं काय करणार!

आतल्या खोलीत लोखंडी कपाट कुरकुरलं. हे बाहेर आले ते हातात चार घड्या घातलेला कागद घेऊन. माझ्याकडं न बघता ओट्यावर ठेवला. म्हणाले, "वाच. हसू नकोस."

ह्यांच्या कंपनीच्या पेन्शनचा कागद. महिना दोन हजार आठशे एकाहत्तर.

"पस्तीस वर्षं नोकरी," हे म्हणाले. "लाखाच्या वर पगार घेतला. आणि पेन्शन ही. त्या पोरासमोर कोणत्या तोंडानं सांगू? वेगळ्या खात्यात येते, मी बघायलाही जात नाय. तुझ्या नोकरीला हौसेची म्हणत आलो ना मी, भानू. लाज वाटते."

माझ्याकडं एकतीस वर्षांची उत्तरं तयार होती, एकेक घासूनपुसून ठेवलेलं. पण मास्तरणीचं डोकं ते! आकडा दिसला की आधी हिशेब. मी कागद हिसकावून घेतला आणि ओरडलेच, "अहो, हे दोन हजार आठशे एकाहत्तर आहेत!"

"म्हटलं ना, हसू नकोस."

"कोण हसतंय? मी बेरीज करतेय! चौसष्ट हजार दोनशे साठमध्ये हे मिळवा. सदुसष्ट हजार एकशे एकतीस! दोघांचं मिळून म्हणाला ना तो? ह्याच्यावाचून माझं अडलं होतं, आणि तुम्ही ते कपाटात कोंडून ठेवलंय!"

ह्यांनी कागद परत घेऊन आकडा पुन्हा वाचला. डोळे भरून आले त्यांचे. खोटं कशाला बोलू, माझेही आले. पण एक विचारल्याशिवाय मला राहवेना. "मग आता हौसेची नोकरी कुणाची म्हणायची?"

"माझी," हे म्हणाले. "पस्तीस वर्षांची हौस." आणि मग असे हसले की खालच्या मजल्यावरच्या लीलाबाईंनी हाक मारून विचारलं, काय झालं म्हणून.

दुसऱ्या दिवशी अर्ज भरला. मुख्य अर्जदार, भानुमती लक्ष्मण वाकळे. त्याच्याखाली रकाना होता, अर्जदारावर अवलंबून असलेली व्यक्ती. तिथं ऋतुराजचा हात थांबला. तो चोरून ह्यांच्याकडं बघायला लागला.

"लिही की लेका," हे म्हणाले. "लक्ष्मण वाकळे. ठळक लिही."

मंजुरी आली ती पाण्याच्या दिवशी. आमच्याकडं नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, त्या दिवशी माणूस मेला तरी मोटर सोडून कुणी हलत नाय. मी बादल्या लावत होते आणि फोन वाजला. "काकू, झालं!" ऋतुराज ओरडत होता. "व्हिसा झाला तुमचा!" मी तिथंच ओल्या फरशीवर बसले. वर टाकी भरून वाहायला लागली. कधी नाय ते मी वाहू दिली.

संध्याकाळी हे गुलमंडीत जाऊन दोन किलो पेढे घेऊन आले आणि अख्ख्या बिल्डिंगला वाटले. तोच मोठा आवाज, जिन्यातून वरपर्यंत ऐकू येत होता. "बायकोच्या पेन्शनवर परदेशी चाललोय! काय समजलात!" लीलाबाई मला म्हणाल्या, "भाऊंना काय झालं हो?" मी म्हटलं, "काय नाय, व्यवहार कळायला लागलाय."

मग मोनालीला फोन लावला. ओवी कॅमेऱ्यात घुसली, नुसतं नाक दिसत होतं. "आजी, आता किती दिवस येणार?"

"दिवस नाय मोजायचे आता, बाळा. आजी राहायला येतेय."

"पाहुणी नाय?"

"नाय. बिलकूल नाय."

"आणि आजोबा?"

"त्यांनाही आणते की. माझ्या कागदावर नाव आहे त्यांचं."

मागून पेढ्यानं भरलेल्या तोंडाचा आवाज आला. "तिला सांग, त्यातले दोन हजार आठशे एकाहत्तर माझे आहेत!"