शिवणाच्या डब्यातलं रिव्हॉल्वर

कॅनडाच्या सरहद्दीवर, स्वीटग्रासच्या नाक्यावर त्या दिवशी दुपारी बारालाच गाड्यांची रांग अर्धा मैल मागे गेली होती. जुलै महिना, शाळांना सुट्टी, आणि अलास्काला निघालेली अर्धी अमेरिका मोंटानाच्या या एकाच रस्त्याने वर चाललीय की काय असं वाटावं. रांगेच्या मधोमध प्रूइट नवरा-बायकोचं पांढरं मोटरहोम उभं होतं. चाकांवरच्या घराचं पस्तीस फुटी धूड, आणि मागे साखळदंडाने जोडलेली छोटी गाडी.

डेल्बर्ट प्रूइट दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट रोवून बसला होता. तसे रोवले की हात कापत नसत. चाळीस वर्षं गॅसच्या पाइपलाइनवर वेल्डिंग केलेला माणूस, आता एकाहत्तरीचा. आर्कान्सातून निघून सहा दिवस झाले होते आणि या सहा दिवसांत तो जितका बोलला तितका मागच्या दोन वर्षांत बोलला नव्हता. गहू किती वाढलाय, डिझेल कुठे बरं मिळतं, अलास्कात पामरला पोचल्यावर जोलीनच्या घराला मागचा जिना कसा बांधून द्यायचा. जोलीन ही त्यांची मुलगी. दहा वर्षं ती आई-बापांना अलास्काला बोलवत होती.

"फॉर्म कुठे आहे?" त्याने पाचव्यांदा विचारलं.

"तुझ्या खिशात आहे रे बाबा. आता काय गळ्यात बांधून फिरणार आहेस?" ग्लेंडा म्हणाली.

तो हसला. फॉर्म अस्वलांसाठी घेतलेल्या बंदुकीचा होता. जंगलात मुक्काम करायचा म्हणून लांब नळीची एक बंदूक त्याने बरोबर घेतली होती. ती कॅनडातून नेता येते, फक्त आधी सांगावं लागतं. सगळं नीट भरून सहीची जागा त्याने कोरी ठेवली होती, कारण सही अधिकाऱ्यासमोरच करायची असते. नळीला कुलूप, पेटीला कुलूप, गोळ्या वेगळ्या. पिस्तूल-रिव्हॉल्वरचं मात्र तिकडे नावच काढायचं नाही, हे दोघांनाही पाठ होतं.

रांग हलेना, तशी ग्लेंडा उठून मागे गेली. म्हटलं, बसून तरी काय करायचं, गोधडीचे चार तुकडे जोडून होतील. बाकाखालून शिवणाचा निळा पत्र्याचा डबा ओढला, मांडीवर घेतला, आणि वरचे तुकडे बाजूला करताना तिच्या बोटांना काहीतरी गार लागलं.

बघायची गरज नव्हती. ते काय आहे हे तिला बोटांनीच कळलं.

घरी असे दोन डबे होते, सारखेच निळे. हा घरी राहायचा होता. निघायच्या गडबडीत तिने तो उचलला होता आणि दुसरा कपाटात राहिला होता.

ग्लेंडाने झाकण लावलं. खिडकीतून बाहेर पाहिलं तर एका बाजूला छातीएवढी सिमेंटची भिंत, दुसऱ्या बाजूलाही तशीच. पुढे लाकडं भरलेला ट्रक, मागे घोडे वाहून नेणारी गाडी. मागे जोडलेली गाडी असली की मोटरहोम उलट घेताच येत नाही, चाकं तिरपी होऊन अडकतात, हे डेल्बर्टने तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आणि वळायची सोय असती तरी काय कारण सांगून वळणार होती ती? खांबांवर कॅमेरे होते. कचऱ्याचा डबा एकच, तोही कॅमेऱ्याच्या बरोबर खाली.

कुठेही जायला जागा नव्हती. रांग पुढे सरकली, तशी जमीन पायाखालून हळूच ओढली जावी तशी ती बसल्या जागी पुढे गेली.

डेल्बर्टला सांगायचं, तर सगळंच सांगावं लागणार होतं.

दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. डेल्बर्टचे हात कापायला लागून वर्ष झालं होतं, काम सुटलं होतं, आणि ज्याच्याबरोबर तो जन्मभर पाइपलाइनवर राबला तो त्याचा भाऊ हॉलिस त्याच महिन्यात गेला. एका दुपारी जेवायला हाक मारायला ग्लेंडा मागच्या शेडकडे गेली. खिडकीतून तिला दिसलं, डेल्बर्ट स्टुलावर बसलाय. समोरच्या टेबलावर धुतलेलं फडकं पसरलंय, त्यावर त्याच्या बापाचं रिव्हॉल्वर, आणि शेजारी त्याची टोपी. घराबाहेर डेल्बर्टच्या डोक्यावरून टोपी कधी उतरत नसे. आज ती त्याने काढून ठेवली होती.

ती आत गेली नाही. पाऊल न वाजवता परतली आणि स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली, "डेल्बर्ट, मक्याची भाकरी गार होतेय, येतोस का?" बराच वेळ काही नाही. मग तो आला. बीन्स खाल्ले, भाकरी खाल्ली, ताक प्यायला. दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला असताना तिने रिव्हॉल्वर घेतलं, तळ्यावर गेली, गोळ्या एकेक करून पाण्यात टाकल्या. रिव्हॉल्वर टाकवेना. त्याच्या बापाची ती एवढीच वस्तू उरली होती. ते तिने शिवणाच्या एका डब्यात, गोधडीच्या तुकड्यांखाली लपवलं. संध्याकाळी तिने सांगितलं, "ते रिव्हॉल्वर मी विकून टाकलं. हॅरिसन गावातला बंदुकांचा दुकानदार मागत होता." तो म्हणाला, "बरं." त्यावर दोघांनी पुन्हा कधी एक अक्षर काढलं नव्हतं.

हळूहळू तो सावरला होता. हे मोटरहोम त्यानेच जुनं घेऊन दुरुस्त केलं होतं.

पुढे दोनच गाड्या राहिल्या तेव्हा ती येऊन त्याच्या शेजारी बसली.

"डेल्बर्ट," ती म्हणाली.

"थांब जरा, चष्मा कुठे ठेवला मी?"

"डोक्यावर आहे. डेल्बर्ट, ऐक..."

"आलो, आलो, बोलावतोय तो," असं म्हणत त्याने गाडी पुढे घेतली आणि काच खाली केली.

खिडकीतला अधिकारी तरुण होता, ऊन लागून नाक सोललेला. पासपोर्ट घेतले, कुठे जाणार विचारलं. डेल्बर्टने शाळकरी पोरासारखी पाठ केलेली उत्तरं दिली. बंदूक एक, फॉर्म हा घ्या, कुलपं लावलीत.

"रिव्हॉल्वर, पिस्तूल काही?"

"नाही साहेब. बापाचं एक होतं, ते बायकोने कधीच विकलं."

अधिकाऱ्याने वाकून ग्लेंडाकडे पाहिलं. "बरोबर ना, मॅडम?"

आयुष्यभर चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसलेली बाई ती. तिने मान हलवली. होय म्हणून.

"बंदुकीच्या कागदांसाठी आत जावं लागेल. गाडी चार नंबरला लावा, चाव्या काउंटरवर द्या."

आतल्या खोलीचं दार त्यांच्यामागे आपोआप बंद झालं आणि कुलूप पडल्याचा आवाज आला. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर नकाशा, आणि एक मोठी काच. काचेतून त्यांचं मोटरहोम दिसत होतं. हातमोजे घातलेले दोघे जण त्याच्या दारातून आत गेले. पडदे हलले. बाकांची झाकणं उघडल्याचं ग्लेंडाला ऐकू येत नव्हतं, पण ती मनातल्या मनात मोजत होती. आधी पुढची कपाटं. मग शेगडीखालचं. मग बाक.

काउंटरवरच्या अधिकारी बाईंच्या छातीवर 'थीसन' अशी पट्टी होती. त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. "इथे सही करा, सर."

डेल्बर्टने पेन घेतलं. हात रोवायला इथे स्टिअरिंग नव्हतं. पेनाचं टोक कागदावर टकटक वाजायला लागलं. त्याने डाव्या हाताने उजवा हात धरला, तरी वाजतच राहिलं. थीसनबाई त्या हाताकडे बघत होत्या. मग त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग काचेबाहेर.

"घाबरण्यासारखं काही आहे का, सर?"

"नाही बाई. हात तसाच आहे माझा. औषध चालू आहे."

"गाडीत आणखी काही आहे का, जे तुम्ही सांगितलं नाही?"

"काही नाही," तो म्हणाला. एवढं साधं, खरं बोलला, आणि समोरची बाई त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हती. ग्लेंडाला ते स्पष्ट दिसत होतं. आता डबा सापडणार, आणि हा हात, हे पेन, सगळं त्याच्या खोटेपणाचा पुरावा होणार. बेड्या त्याला पडणार होत्या.

ती उठली. तिने काउंटरची कड धरली.

"गाडीत रिव्हॉल्वर आहे," ती म्हणाली. "जेवणाच्या टेबलाच्या बाकाखाली, निळ्या शिवणाच्या डब्यात. गोळ्या नाहीत. मी ठेवलंय. याला माहीत नाही."

पेनाचा आवाज थांबला.

थीसनबाईंनी रेडिओवर दोन शब्द सांगितले. बाहेर मोटरहोमच्या दारात एक जण थबकला आणि पुन्हा आत गेला. "बसा, मॅडम," थीसनबाई म्हणाल्या. "नाही, तिथे नाही. या खुर्चीवर." ती खुर्ची डेल्बर्टपासून चार हात लांब होती. "खिडकीवर तर रिव्हॉल्वर नाही असंच दोघांनी सांगितलंत."

"हो. खोटं बोलले. तासाभरापूर्वी रांगेत उघडला तेव्हा दिसलं. डब्यांची अदलाबदल झाली होती."

"नवऱ्याला माहीत नव्हतं म्हणता. एकाच घरात राहता ना? त्याच्यापासून का लपवलंत?"

ग्लेंडाने दाराकडे पाहिलं. दाराला आतून कडीच नव्हती. डेल्बर्ट चार हातांवर बसला होता, आणि हे त्याच्यासमोर बोलायचं नव्हतं, कधीच, कुठेच. तिने दोन वर्षं त्याला दाढी करताना दाराआडून पाहिलं होतं, रात्री त्याचा श्वास मोजला होता, आणि तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

"एका दुपारी तो ते घेऊन शेडमध्ये बसला होता," ती म्हणाली. "टोपी काढून."

एवढंच म्हणाली. थीसनबाईंना ते कळलं, कारण त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. डेल्बर्ट फरशीकडे बघत होता.

मग तो खाकरला. "ती म्हणते ते खरं आहे," तो म्हणाला. "लिहून घ्यायचं तर घ्या."

तीन तास गेले. थीसनबाईंचे वरिष्ठ साहेब आले, पुन्हा तेच प्रश्न झाले, दोघांना वेगळ्या खोल्यांत नेलं, परत आणलं. पाण्याचा कागदी पेला हातात धरून ग्लेंडाने तो चुरगळून टाकला. शेवटी साहेबांनी सांगितलं की डबा उघडायच्या आधी मॅडम बोलल्या म्हणून प्रकरण इथेच संपतंय, नाहीतर आज दोघांपैकी एक जण कोठडीत झोपला असता. रिव्हॉल्वर सरकारजमा, परत मिळणार नाही. दंड भरा. आज प्रवेश नाही. दोन-तीन दिवसांनी पुन्हा येऊन विचारू शकता, आत घ्यायचं की नाही ते त्या दिवशीचा माणूस ठरवेल.

जायच्या वेळी थीसनबाईंनी डेल्बर्टच्या हातात चाव्या दिल्या. "औषध वेळेवर घ्या, सर," त्या म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर गाडीत रेडिओसुद्धा लावला नाही कोणी. शेल्बी गावाच्या कडेला, रेल्वेच्या रुळांजवळ, मोटरहोमसाठी एक तळ होता. तिथे डेल्बर्टने गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत.

"तू शेडशी आली होतीस," तो म्हणाला.

"हो."

"आणि भाकरी गार होतेय म्हणालीस."

"दुसरं काय म्हणणार होते मी, डेल्बर्ट? मला काही सुचलंच नाही."

एक लांबलचक मालगाडी गेली. ती संपेपर्यंत तो थांबला.

"हॅरिसनच्या त्या दुकानदाराकडे गेलो होतो मी," तो म्हणाला. "तो म्हणाला, कसलं रिव्हॉल्वर? तेव्हाच कळलं की तू लपवलंस. मला वाटलं, तळ्यात टाकलं असशील. शोधलं नाही मी. खरं सांगतो, एकदाही नाही. सापडेल अशी भीती वाटायची."

"मग बोलला का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?"

ग्लेंडा रडायला लागली. आवाज न करता, सवयीप्रमाणे. मग तिला वाटलं, आता कोणापासून लपवायचंय, आणि ती मोठ्याने रडली. डेल्बर्ट आपल्या खुर्चीतून उठून तिच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसला. एकाहत्तरीत गुडघ्यावर बसणं सोपं नाही. त्याने तिचा हात धरला. हात कापत होता, पण त्याने तो रोवून धरायचा प्रयत्न केला नाही.

"बापाची वस्तू गेली तुझ्या," ती थोड्या वेळाने म्हणाली.

"जाऊ दे. म्हाताऱ्याने आयुष्यभरात त्या रिव्हॉल्वरने एक साप मारला, तोही दुसऱ्या गोळीत."

तिला रडता रडता हसू आलं. "उठ आता. उठता येतंय का?"

"नाही येत. हात दे."

जोलीनला कळवायला हवं होतं. ती वाट बघत असणार. ग्लेंडाने फोन उचलला, तर डेल्बर्टने तो तिच्या हातातून घेतला. "मी सांगतो," म्हणाला. डेल्बर्ट फोनवर कधी दोन वाक्यांच्या वर जात नसे. 'बरी आहेस ना? आईला देतो,' एवढाच त्याचा फोन. तो बाहेर गेला आणि कुंपणाशी जाऊन उभा राहिला. नऊ वाजत आले होते, पण तिकडे उन्हाळ्यात तेव्हाही चांगलं ऊन असतं. ग्लेंडाला खिडकीतून त्याची पाठ दिसत होती. शब्द ऐकू येत नव्हते. तो बोलत होता, थांबत होता, पुन्हा बोलत होता. पंचेचाळीस मिनिटं झाली.

तो आत आला तेव्हा डोळे लाल होते. "रडतेय ती," तो म्हणाला. "तुझ्याशी बोलायचंय म्हणते."

दोन दिवस ते शेल्बीत राहिले. मोटरहोममधलं प्रत्येक कपाट, प्रत्येक डबा दोघांनी मिळून गवतावर रिकामा केला. तिसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा नाक्यावर गेले. त्या दिवशीच्या अधिकाऱ्याने त्यांचं सगळं आधीच पडद्यावर वाचलं होतं. पुन्हा दोन तास बसवलं, पुन्हा तीच खोली, पुन्हा ते आपोआप बंद होणारं दार. पण या वेळी शेजारी बसलेल्या माणसापासून लपवायचं असं ग्लेंडाजवळ काही नव्हतं.

त्यांना जाऊ दिलं. दहा दिवसांनी ते पामरला पोचले. जोलीनच्या घराचा मागचा जिना डेल्बर्टने बांधला. खिळे ग्लेंडाने ठोकले, कारण त्याच्या हाताचा नेम राहिला नव्हता, आणि तिने एक जरी तिरका ठोकला तरी तो सांगायला चुकला नाही.