ठमीची छोटी डॉक्टर

"वहिनी, पोरीला मागू तरी दे गं. तू आधीच हातात ठेवतेस, मग ती बोलेल कशाला?" नणंद म्हणाली, तेव्हा ठमीच्या आईने ते हसण्यावारी नेलं. सल्ले द्यायला काय जातं!

अडीच वर्षांची झाली तरी ठमी बोलेना, बोट दाखवेना, नजरेला नजर देईना. मग मायलेकी इस्पितळातल्या बालविकास विभागाच्या पायऱ्या चढू लागल्या. मोठ्या डॉक्टरांनी ठमीला सोपवलं एका शिकाऊ मुलीकडे. सगळे तिला छोटी डॉक्टर म्हणत. तिने जमिनीवर मांडी घातली, साबणाचे फुगे उडवले, बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि गप्प बसली.

"अहो, उघडा ना! हवंय तिला," आई कळवळली.

"तिलाच सांगू द्या, ताई. आपण दोघी जरा मुक्या होऊ."

ठमीने बाटली उचलून छोट्या डॉक्टरच्या हातात कोंबली आणि थेट तिच्या डोळ्यांत पाहिलं.

आईचा जळफळाट झाला. नऊ महिने वाढवलं कुणी, आणि ही नजर कुणाच्या वाट्याला! आयत्या बिळावर नागोबा! घरी तिनेही झाकण लावून पाहिलं. पण ठमीचा ओठ थरथरला की हिचाच धीर सुटायचा. तिकडे मात्र ठमी पोचल्या पोचल्या छोट्या डॉक्टरच्या मांडीत. शेवटी हिने मोठ्या डॉक्टरांना सांगितलं, "त्यांच्याकडे फार रडते हो ती. दुसरं कुणी द्या." धडधडीत खोटं.

पुढच्या खेपेला खोलीत दुसरेच डॉक्टर. ठमीने फुग्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कोपरे धुंडाळले, आईपाशी आली, तिचं बोट धरलं, डोळ्यांत डोळे घालून वर पाहिलं आणि दाराकडे ओढलं. लेकीने जन्मात पहिल्यांदा आईकडे काही मागितलं, आणि मागितली ती सवत!

हसावं की रडावं, कळेना. पण गेली मुकाट्याने, पोर ओढेल तिकडे.

शेवटच्या खोलीत छोटी डॉक्टर भिंतीकडे बघत बसली होती. "ताई, माझं काय चुकलं? माझ्याकडे रडायची का ती?"

"ती नाही गं. मी रडत होते," आई म्हणाली, आणि ठमीच्या मुठीतून आपलं बोट सोडवलं.

शिक्षण संपवून छोटी डॉक्टर परगावी गेली. हिने मुद्दामच पत्ता घेतला नाही. आता ठमी दिवसभर टकळी चालवते, आणि आईला चुटपुट लागते. म्हणून ती तुम्हालाच गळ घालतेय: तुमच्याकडच्या दवाखान्यात पोरासमोर गप्प बसलेली अशी कुणी दिसली, तर बरी आहेस ना, एवढं विचारा. कुणी विचारायला लावलं, ते मात्र सांगू नका.